वकील कोणाचा? लोकप्रतिनिधी, ऊसतोड मजूर आणि अमानत

गेल्या रमजानमधील एक दुपार. जोहरची नमाज आटोपून मी हुजऱ्यात बसलो असता सांगली जिल्ह्यातील एका उसाच्या फडावरून आमच्या गावच्या एका बांधवाचा फोन आला. तो आणि त्याची पत्नी मिळून एक कोयता. दसरा उलटला की दोघेही टोळीबरोबर बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. सलाम-दुआ झाली आणि त्याने थेट विचारले, "मौलाना, एक मसला आहे. पहाटे तोडणी करताना काही वाटत नाही. पण दुपारी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना डोळ्यांपुढं अंधारी येते. काल घरवाली पडता पडता वाचली. रोजा सोडला तर गुनाह होईल का?"

मदरशात हा मसला आम्हाला शिकवला जातो. भट्टीवर राबणारा नानबाई आणि सुगीत कापणी करणारा मजूर यांची उदाहरणे घेऊन फुकहांनी त्यावर चर्चा केली आहे. अशा माणसाने शक्यतो अर्धा दिवस काम करावे व उरलेला वेळ विश्रांती घ्यावी. ते शक्य नसेल आणि प्रकृतीला खराखुरा धोका उत्पन्न झाला तर रोजा सोडावा, पुढे त्याची कजा करावी. कफ्फारा लागत नाही. मी हे सर्व सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अर्धा दिवस कसा करणार मौलाना? खाडा पडतो. मुकादम दिवसाला पाचशे कापतो."

शरीअतने दिलेली सवलत त्या माणसापर्यंत पोहोचू शकत नव्हती, कारण तिच्या आणि त्याच्या मध्ये एक खाडा उभा होता. मसल्याचे उत्तर देऊन मी मोकळा झालो खरा, परंतु तो खाडा कोणी दूर करायचा, हा प्रश्न माझ्याजवळ उरला. इमामाच्या हाती तो नाही. ज्यांच्या हाती आहे त्यांना आम्ही दर पाच वर्षांनी मत देतो. म्हणून या लेखात मत, प्रतिनिधित्व आणि अमानत यांचा विचार दिव्य कुरआन, हदीस आणि फिकहच्या प्रकाशात, पण आपल्या बीड जिल्ह्याची जमीन न सोडता, करावयाचा आहे.

सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अल्लाह तआला दोन आज्ञा देतो: अमानती ज्यांच्या आहेत त्यांच्या स्वाधीन करा, आणि लोकांमध्ये निवाडा कराल तेव्हा न्यायाने करा. मुफस्सिरांनी या आयतीच्या संदर्भात मक्काविजयाचा प्रसंग सांगितला आहे. काबागृहाची किल्ली प्रेषितांच्या (सल्ल.) हाती आली होती, ती ज्या घराण्याकडे पूर्वापार होती त्या घराण्यातील हजरत उस्मान बिन तल्हा (रजि.) यांना ती परत देण्यात आली. आयतीत 'अमानत' हा शब्द अनेकवचनी आला आहे. म्हणून ठेवलेला पैसा किंवा दागिना एवढाच तिचा अर्थ नाही. पद, अधिकार आणि सार्वजनिक जबाबदारी यांचाही तीत समावेश होतो, असे विद्वानांनी स्पष्ट केले आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी पदाची इच्छा व्यक्त केली तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना समजावले की ही अमानत आहे, आणि जो तिचा हक्क अदा करणार नाही त्याच्यासाठी ती कयामतच्या दिवशी अपमान व पश्चात्ताप ठरेल. अबू जर (रजि.) यांच्या सचोटीविषयी कोणालाच शंका नव्हती. तरीही सचोटीबरोबर ते ओझे पेलण्याचे बळ लागते, हे त्यांना सांगण्यात आले.

आता मताकडे येऊ. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताच्या तीन बाजू दाखवल्या आहेत. मत ही शहादत आहे: हा माणूस या कामास योग्य आहे, अशी साक्ष मतदार देतो. मत ही शिफारस आहे. आणि मत ही वकालत आहे: मतदार त्याला आपल्या वतीने बोलण्याचा, ठरवण्याचा अधिकार देतो. पहिल्या बाजूविषयी आपल्या जलशांतून पुष्कळ बोलले जाते. तिसरी मात्र दुर्लक्षित राहिली आहे, आणि माझ्या मते बीडचा प्रश्न तिथेच दडलेला आहे.

फिकहच्या ग्रंथांत वकालतीचे स्वतंत्र प्रकरण असते. वकील हा मुवक्किलाच्या हिताला बांधलेला असतो. त्याच्या हाती आलेली वस्तू अमानत असते. हनफी फुकहांनी एक बारकावा नोंदवला आहे. निकाहमध्ये एकच माणूस दोन्ही पक्षांचा वकील होऊ शकतो, परंतु खरेदी-विक्रीत होऊ शकत नाही. कारण सौद्यात एकाला किंमत चढवायची असते, दुसऱ्याला उतरवायची असते. एकच जीभ या दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे बोलू शकत नाही. विद्यार्थी असताना हा फरक मी केवळ परीक्षेसाठी पाठ केला होता. पुढे ऊसतोडीच्या दराची बोलणी वर्तमानपत्रांतून वाचू लागलो तेव्हा त्याची आठवण होऊ लागली.

ही बोलणी कशी होतात हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. तोडणी-वाहतुकीचे दर एका बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि दुसऱ्या बाजूला मजुरांच्या व मुकादमांच्या संघटना यांच्यात ठरतात. कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिला जातो, मग मोठे नेते मध्यस्थी करतात आणि काही वर्षांसाठी करार होतो. स्व. गोपीनाथराव मुंडे यांनी हे काम दीर्घकाळ केले. परळी तालुक्यातील नाथ्रा गावात 1949 साली जन्मलेला हा माणूस राज्याचा उपमुख्यमंत्री झाला, बीडचा खासदार झाला, मे 2014 मध्ये केंद्रात ग्रामविकास मंत्री झाला आणि काही दिवसांतच, 3 जूनला, अपघातात गेला. ऊसतोड मजुराला आपले दुःख सांगायला मुंबईत एक दार आहे, हे त्यांच्यामुळे वाटू लागले. त्यांच्या निधनाची बातमी आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यातील ऊसतोड बायकाही रडल्या होत्या. त्या ऋणाचा उल्लेख न करता पुढे जाणे कृतघ्नपणा होईल. जानेवारी 2024 मध्ये श्री. शरद पवार आणि श्रीमती पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने दरात 34 टक्के वाढ झाली, हीही लहान गोष्ट नव्हे.

परंतु मुवक्किलाने आपल्या वकिलाला प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान नसतो. पांगरीचा वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना गोपीनाथरावांनीच उभा केला आणि पुढे त्याचे अध्यक्षपद त्यांच्या घरी राहिले. जिल्ह्यातील आणि राज्यातील इतर पक्षांच्या अनेक नेत्यांचीही हीच स्थिती आहे: कारखान्याच्या संचालक मंडळात तेच, विधानसभेत तेच, आणि मजुरांच्या मेळाव्यातही तेच. कारखाना उभारणे हे पाप नाही. त्यातून शेतकऱ्याचे भले होते. कोणाच्या नियतीवर मी संशय घेत नाही, नियती अल्लाह जाणतो. मुद्दा फुकहांनी सांगितलेलाच आहे. टनामागे किती द्यायचे या सौद्यात घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा वकील एकच असेल, तर सौदा तुटणार नाही एवढीच काळजी घेतली जाईल. 34 टक्के वाढीनंतरही टनाचा दर चारशे रुपयांच्या आतच राहिला. एक टन ऊस तोडून, साळून, मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून गाडीत रचण्याचे हे मोल आहे, आणि ते दोन माणसांत वाटायचे असते.

दराच्या बोलण्यांत जे विषय कधी मध्यभागी येत नाहीत, ते पाहिले की वकालतीतील ही त्रुटी अधिक दिसते. खाडा हा त्यांपैकी एक. मजुराने काम केले नाही तर त्या दिवसाची मजुरी मिळणार नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु मजुरी न देता वर आणखी दंड कापणे, याला फिकहमध्ये 'ताजीर बिल-माल' म्हणतात आणि हनफी मजहबातील प्रचलित मतानुसार ते जायज नाही. बुखारीतील एका हदीसप्रमाणे कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्या तिघांच्या विरोधात उभा राहील, त्यांत एक तो आहे ज्याने मजुराकडून पुरे काम करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही. (उचलीचा व्यवहार, म्हणजे आगाऊ कर्ज देऊन माणसाला हंगामभर बांधून ठेवणे, याचा शरई विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुकादम मित्र रागावतील, पण तो लिहावाच लागेल.)

खाड्याची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाही. जून 2019 मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढावे लागते. मग कोणी खासगी डॉक्टर पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देतो. आमच्या जमातीत अशा भगिनी आहेत ज्यांचे वय अजून पस्तिशीला पोहोचलेले नाही. त्यांपैकी एकीने माझ्या पत्नीला सांगितले, "आपा, उचल फिटायची होती. दुखणं घेऊन किती दिवस बसणार?"

येथे एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. हा विषय सभागृहात एका प्रतिनिधीच्या प्रश्नामुळेच आला. पाहणी झाली, आणि खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. तेव्हा सगळे पुढारी सारखेच, हे जे वाक्य आपण चहाच्या टपरीवर सहज उच्चारतो, ते खरे नाही आणि सोयीचे मात्र आहे. त्यामुळे आपल्याला काहीच करावे लागत नाही. परंतु रुग्णालयावर बंधन आले, खाड्यावर आले नाही. शस्त्रक्रियेला परवानगी लागते. तिच्याकडे ढकलणाऱ्या दंडाला कोणाचीही परवानगी लागत नाही.

हक्क आणि मेहरबानी

सूरह मआरिजमध्ये ईमानवंतांचे वर्णन करताना सांगितले आहे की त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा एक ठरलेला हक्क असतो. कुरआनचा शब्द आहे 'हक्कुन मअलूम', म्हणजे ज्ञात, निश्चित असा हक्क. देणाऱ्याच्या मर्जीवर तो घटत-वाढत नाही. घेणाराही त्यासाठी कोणाचा उपकृत होत नाही. या एका शब्दाच्या कसोटीवर गरिबांसाठी केलेले प्रत्येक राजकीय काम तपासून पाहावे: त्यातून हक्क निर्माण झाला, की मेहरबानी?

महाराष्ट्रात हक्क निर्माण झाल्याचे उदाहरण आहे आणि ते आपल्या दुष्काळी मराठवाड्याशी जवळून निगडित आहे. 1972 च्या दुष्काळात ज्या रोजगार हमी योजनेने हजारो घरे तगवली, तिची कल्पना वि. स. पागे या लोकप्रतिनिधीची; ते विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळ सरल्यावर ती गुंडाळली गेली नाही. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणे शासनावर बंधनकारक ठरले. खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर कर बसवला गेला. माझे आजोबा त्या कामांवर खडी फोडायला जात. पागेसाहेबांचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक असण्याची गरजच नव्हती, कारण तो त्यांचा हक्क झाला होता. 1969 चा माथाडी कायदाही असाच. हमाल आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत; मध्ये मुकादमाची मर्जी नाही.

ऊसतोड मजुरासाठी असा कायदा आजही नाही. कारखाना म्हणतो, मजूर माझा नव्हे, मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी तर कारखान्याचा पैसा पोहोचवणारा. 2021 मध्ये, श्री. धनंजय मुंडे सामाजिक न्यायमंत्री असताना, गोपीनाथरावांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कार्यान्वित झाले. कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाने द्यावी, असे ठरले. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना जाहीर झाली, निम्मी मुलींसाठी. आईबाप फडावर असताना मूल गावात राहून शिकेल, तर त्याच्या हाती कोयता येणार नाही. ही कल्पना उत्तमच आहे. पण महामंडळ म्हणजे कायदा नव्हे. त्याला पैसा कधी आणि किती द्यायचा, हे पुन्हा शासनाच्या इच्छेवर राहते.

आमची बाजू

प्रतिनिधींचा हिशेब मांडला, आता स्वतःचा. इब्नुल-लुत्बिय्या यांची हदीस प्रसिद्ध आहे. जकात वसूल करून ते परतले आणि म्हणाले, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषित (सल्ल.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? आपण ही हदीस अधिकाऱ्यांना ऐकवतो. मला ती स्वतःला ऐकवावी लागली. काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराने मस्जिदीसाठी थंड पाण्याचे यंत्र दिले. जुम्याच्या नमाजीनंतर त्याला दोन मिनिटे बोलू द्यावे, अशी विश्वस्तांची इच्छा होती; मी संमती दिली. मी इमाम नसून घरी बसलो असतो, तर ते यंत्र माझ्या दारी आले असते काय? त्या दोन मिनिटांत मी त्याला ऊसतोडीविषयी एकही प्रश्न विचारला नाही. पाणी थंड आहे. ते पिताना मला आजही अवघडल्यासारखे होते.

तीच गोष्ट इफ्तार पार्ट्यांची. गेली काही वर्षे रमजान गळीत हंगामातच येत आहे. तालुक्याच्या ठिकाणी मंडप पडतो, नेते टोपी घालून खजूर वाटतात, छायाचित्रे निघतात. ज्यांच्या नावाने हे चालते त्यांतील सर्वांत गरीब रोजेदार त्या वेळी तीनशे किलोमीटर दूर, कोपीपुढे चूल पेटवत असतात. मतदानाला मात्र त्यांची आठवण होते. 2024 च्या विधानसभेसाठी 20 नोव्हेंबरला मतदान झाले. हंगाम 15 तारखेपासून सुरू होणार होता. फडावरून मतदार आणायला गाड्या पाठवल्या जातात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बाळंतपणासाठी त्याच फडावरून जवळच्या दवाखान्यात जायला गाडी मिळाली नाही, असे सांगणाऱ्या स्त्रियाही आपल्याच गावांत आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.

विचारण्याची रीत इस्लामच्या इतिहासात आहे. हजरत उमर (रजि.) यांनी हिम्सच्या लोकांना त्यांच्या राज्यपालाविषयी, सईद बिन आमिर (रजि.) यांच्याविषयी, त्यांच्या समक्षच विचारले: तुमच्या तक्रारी काय आहेत? लोकांनी सांगितले की ते दिवस वर आल्याशिवाय बाहेर येत नाहीत, रात्री कोणाला भेटत नाहीत, आणि महिन्यातून एक दिवस दिसतच नाहीत. सईद (रजि.) यांना उत्तर देणे जड गेले, पण त्यांनी ते दिले. घरात नोकर नसल्याने सकाळी ते स्वतः पीठ मळून भाकरी करीत, रात्र त्यांनी इबादतीसाठी ठेवली होती, आणि अंगावरचा एकच पोशाख धुऊन वाळेपर्यंत महिन्यातून एक दिवस त्यांना घरी थांबावे लागे. आपण ही कथा सईद (रजि.) यांच्या साधेपणासाठी सांगतो. मला तिच्यातील हिम्सचे लोक महत्त्वाचे वाटतात. सहाबीसारख्या माणसाविरुद्ध तक्रार करताना ते घाबरले नाहीत, आणि खलीफाने त्यांना बेअदब म्हटले नाही. हजरत अबू मरयम (रजि.) यांनी अमीर मुआविया (रजि.) यांना एक हदीस ऐकवली होती: ज्याच्याकडे लोकांचा कारभार सोपवला गेला आणि त्याने गरजूंसाठी आपले दार बंद ठेवले, त्याच्या गरजेच्या वेळी अल्लाहही आपले दार बंद ठेवील. ती ऐकून मुआविया (रजि.) यांनी लोकांच्या गरजा पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला.

काही वाचक म्हणतील, आमचे बहुतेक प्रतिनिधी मुस्लिम नाहीत. त्यांना हदीस काय सांगायची? त्यांना संविधानाची शपथ सांगावी, जी त्यांनी सभागृहात घेतलेली आहे. हदीस आपल्यासाठी आहे, कारण साक्ष आपण दिलेली आहे. दुसरे असे की फडावर वंजारी, मराठा, दलित, बंजारा आणि मुस्लिम एकाच रांगेत वाकलेले असतात; खाडा जात विचारून पडत नाही. दारोदार मागणाऱ्या वृद्ध यहुद्याला हजरत उमर (रजि.) यांनी बैतुलमालमधून तनखा बांधून दिला, हे काजी अबू यूसुफ (रह.) यांनी 'किताबुल खराज'मध्ये नोंदवले आहे. म्हणून केवळ आपल्या मोहल्ल्यापुरते मागणे हे इस्लामी मागणे होणार नाही.

आणि आपल्या मताचे वजन कमी समजू नये. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत बीडचा निकाल 6,553 मतांनी लागला. काही मोठ्या गावांतील टोळ्या एकत्र केल्या तर एवढी माणसे होतात.

ईदनंतर तो बांधव परतला तेव्हा आम्ही मस्जिदीत बसून एक कागद केला. गावातून कोण कोण तोडीला जाते, कोणत्या कारखान्याला, मुकादम कोण, उचल किती, मागच्या हंगामात किती खाडे कापले, किती मुले बरोबर होती. ऊसतोड मजुरांची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे व्हायची असते आणि त्यांना ओळखपत्र मिळायचे असते. कितीजणांकडे ते आहे, हेही लिहिले. पहिल्या दिवशी मुकादमाच्या भीतीने तिघांनीच खाड्याचा रकाना भरला. दुसऱ्या जुम्यापर्यंत एकोणीस झाले. विठ्ठल मंदिराच्या पारावर बसणाऱ्या मंडळींना हे कळले तेव्हा त्यांनी आपली नावे वेगळ्या कागदावर न लिहिता आमच्याच कागदावर लिहिली. ही यादी घेऊन आम्ही ग्रामसभेत जाणार आहोत, आणि दसऱ्यापूर्वी आमदारांकडे. खाडा बंद करण्याचा कायदा ते सभागृहात मांडतील का, एवढा एकच प्रश्न विचारायचे ठरले आहे. उत्तर लेखी मागायचे, असा आग्रह त्या बांधवाच्या पत्नीने धरला. तांड्यावरची नावे अजून यादीत यायची आहेत.